लायसन्स निलंबनाची कारवाई: जप्तीच्या पावतीपासून लायसन्स परत मिळेपर्यंत

गंभीर वाहतूक गुन्ह्यात सापडलेले बहुतेक चालक एकच चूक करतात. ते दंड भरतात, पावती खिशात ठेवतात आणि प्रकरण मिटले असे समजून पुन्हा गाडी चालवू लागतात. नंतर आरटीओची नोटीस येते, तिच्याकडे जुन्या दंडाची आठवण करून देणारा कागद म्हणून दुर्लक्ष होते, सुनावणीची तारीख निघून जाते आणि त्यांचे म्हणणे न ऐकताच आदेश निघतो. मोटार वाहन कायदा, 1988 आणि त्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनुसार ही कारवाई कशी चालते आणि प्रत्येक टप्प्यावर कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे दिले आहे. अपघातात कोणाचा मृत्यू झाला असेल किंवा कोणाला गंभीर दुखापत झाली असेल, तर हा लेख पुरेसा नाही. त्या प्रकरणात पहिल्या दिवसापासून वकिलाची गरज असते.

१. हातात आलेला कागद कोणता आहे ते ओळखा

पुढचे प्रत्येक पाऊल या ओळखीवर अवलंबून असल्यामुळे येथे घाई करू नये. सामान्यतः चारपैकी एक कागद हाती पडतो: ई-चलान, लायसन्स जप्त केल्याची तात्पुरती पोचपावती, परवाना प्राधिकाऱ्याची म्हणजेच आरटीओची कारणे दाखवा नोटीस, किंवा न्यायालयाचे समन्स. ई-चलान फक्त दंडाविषयी असते. पोचपावती आणि आरटीओची नोटीस लायसन्सविषयी असतात. समन्स आले असेल, तर शिक्षा, दंड आणि लायसन्स या तिन्ही गोष्टींचा निर्णय न्यायाधीशांपुढे होऊ शकतो.

पोचपावती असेल, तर तिच्यावरचे कलम नीट वाचा. कलम 206 च्या वेगवेगळ्या पोटकलमांचे परिणाम वेगवेगळे आहेत. चालक पळून जाईल किंवा समन्स टाळील अशा शंकेने लायसन्स घेऊन ते न्यायालयाकडे पाठवले असेल, तर त्याबद्दल मिळालेल्या पोचपावतीवर लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. मात्र कलम 206(4) खाली घेतलेले लायसन्स निलंबनासाठी किंवा रद्द करण्यासाठी आरटीओकडे जाते, आणि त्या पोचपावतीवर गाडी चालवण्याची मुभा मिळत नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. दोन्ही कागद दिसायला सारखे असतात आणि नेमकी येथेच गल्लत होते.

कलम 206(4) ज्या गुन्ह्यांना लागू होते त्यांची यादी अनेकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. वेगमर्यादा ओलांडणे (कलम 183), धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे (184), मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवणे (185), रस्त्यावर शर्यत लावणे (189), असुरक्षित स्थितीतील वाहन चालवणे (190), दुचाकीवर दोनपेक्षा जास्त जण बसवणे (194 सी), हेल्मेटच्या नियमाचा भंग (194 डी) आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या वाहनाला वाट न देणे (194 ई) या सर्वांचा तीत समावेश आहे. लाल सिग्नल तोडणे, गाडी चालवताना मोबाइल हातात धरणे आणि उलट दिशेने गाडी नेणे हे प्रकार 184 खाली म्हणजे धोकादायक चालवण्यात धरले जातात. त्यामुळे साधा सिग्नल तोडला होता, एवढ्यासाठी लायसन्स कशाला जाईल, या भ्रमात राहू नये.

तपासून पाहा: कागदावर कलम, तारीख, वेळ, ठिकाण, वाहन क्रमांक, जप्त केलेल्या लायसन्सचा क्रमांक आणि अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा आहे का? जे नाही ते स्वतःच्या हाताने त्या कागदावर लिहू नका. वेगळ्या वहीत त्याच दिवशी टिपून ठेवा.

२. गाडी चालवणे त्याच वेळी थांबवा

लायसन्स 206(4) खाली गेले असेल, तर आदेश निघण्याची वाट न पाहता गाडी चालवणे थांबवावे. आदेश निघाल्यानंतर गाडी चालवली, तर तो कलम 182 खालचा स्वतंत्र गुन्हा होतो आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ गुन्हा हेल्मेटचा असेल, तर त्याचा दंड 1,000 रुपये आहे. ती एक चूक लपवताना त्याहून कितीतरी मोठी चूक करून बसण्याचा हा सरळ मार्ग आहे.

लायसन्सचे कार्ड आपल्याजवळच असले, तरी त्यावर विसंबू नये. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अपात्र ठरवलेल्या (म्हणजेच निलंबित) किंवा रद्द केलेल्या लायसन्सची नोंद सरकारी पोर्टलवर होते आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ती दिसू शकते. खिशातले प्लास्टिकचे कार्ड किंवा डिजिलॉकरमधली प्रत दाखवल्याने ती नोंद पुसली जात नाही.

विम्याचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. वाहन विम्याच्या पॉलिसीत चालकाविषयी जी अट असते, तिच्यानुसार अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध लायसन्स असावे लागते आणि तो लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरलेला नसावा लागतो. निलंबनाच्या काळात अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि जखमी व्यक्तीला विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती रक्कम कंपनी तुमच्याकडून किंवा वाहनमालकाकडून वसूल करू शकते.

सावधान: चालक म्हणून नोकरी करत असाल, तर मालकाला लेखी कळवा. लायसन्स नाही किंवा चालक अपात्र आहे हे माहीत असूनही मालकाने गाडी हाती दिली, तर कलम 180 खाली त्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोकरी जाईल या भीतीने लपवलेली गोष्ट पहिल्याच नाकाबंदीत उघडी पडते आणि मग नोकरीही जाते, विश्वासही.

३. दंडाचे प्रकरण आणि लायसन्सचे प्रकरण वेगवेगळे ठेवा

ज्यांचे लायसन्स विनाकारण जास्त काळ अडकून पडते, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट येथेच बिघडलेली असते. कलम 200 नुसार तडजोड शुल्क भरून गुन्हा मिटवता येतो, पण त्याच कलमात 2019 मध्ये घातलेल्या तरतुदीनुसार अशा तडजोडीमुळे 206(4) खालच्या कारवाईतून सुटका होत नाही, उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याचे बंधनही टळत नाही. शिवाय तडजोड केलेला गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. म्हणून चलान ऑनलाइन भरले, लोकअदालतीत मिटवले किंवा रस्त्यावरच पावती फाडली, तरी आरटीओकडे गेलेली फाइल आपल्या गतीने पुढे सरकत राहते.

याचा अर्थ दंड भरू नये असा नव्हे. जो गुन्हा खरोखर घडला आहे, त्याचा दंड वेळेत भरावा आणि पावती जपून ठेवावी. परंतु गुन्हा घडलाच नसेल, गाडी दुसऱ्याच्या हातात असेल किंवा वाहन क्रमांक चुकीचा टिपला गेला असेल, तर आधी चलानावर हरकत नोंदवा आणि तिचा निकाल लागेपर्यंत पैसे भरण्याची घाई करू नका. एकदा तडजोड स्वीकारल्यावर सुनावणीत ‘मी तो नव्हेच’ असे सांगणे फार कठीण जाते.

४. नोटीस येण्यापूर्वीच कागद जमवा

आरटीओची नोटीस सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या पत्त्यावर येते. भाड्याचे घर बदलले, मोबाइल क्रमांक बदलला आणि नोंद मात्र जुनीच राहिली, म्हणून नोटीस हाती न पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यामुळे पहिले काम म्हणजे पोर्टलवर लायसन्सची स्थिती, पत्ता आणि मोबाइल क्रमांक पाहणे. पत्ता जुना असेल, तर आरटीओच्या आवक विभागात साध्या अर्जाने सध्याचा पत्ता कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. प्रतीवर शिक्का नसेल, तर अर्ज दिला होता हे पुढे सिद्ध करता येत नाही.

त्यानंतर फाइल तयार करा. तीत लायसन्सची दोन्ही बाजूंची छायाप्रत, पोचपावती, चलान आणि त्यावरचे छायाचित्र, दंडाची पावती, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा पॉलिसी असावी. गुन्ह्याच्या प्रकारानुसार आणखी कागद लागतात. वेगमर्यादेचे प्रकरण असेल, तर चलानावर नोंदवलेला वेग आणि त्या रस्त्याची मर्यादा दाखवणाऱ्या फलकाचे छायाचित्र घ्यावे. मद्यपानाचे प्रकरण असेल, तर श्वासचाचणी यंत्राची छापील पट्टी सर्वांत महत्त्वाची. कायद्यातील मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि पट्टीवरचा आकडा, वेळ व नाव तुमचेच आहे का, ते बघावे. रुग्णाला घेऊन जात असताना घटना घडली असेल, तर रुग्णालयातील नोंदीची प्रत त्याच आठवड्यात मिळवा. पुढे ती मिळणे अवघड होत जाते.

तपासून पाहा: याआधीची किती चलाने प्रलंबित आहेत किंवा तडजोडीने मिटली आहेत? ती यादी सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर असणारच, तेव्हा ती तुम्हीही आधी पाहिलेली असावी.

५. लेखी खुलासा लिहा

कलम 19 नुसार लायसन्सधारकाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय परवाना प्राधिकारी त्याला अपात्र ठरवू शकत नाही. पोलीस अधिकारी लायसन्स जप्त करून पुढे पाठवतो. निलंबनाचा निर्णय परवाना प्राधिकाऱ्याचा असतो. म्हणून चौकातल्या वादात शक्ती घालवण्यापेक्षा ती खुलाशात घाला. जप्त झालेल्या लायसन्सच्या प्रकरणात प्राधिकाऱ्यापुढे दोन पर्याय असतात: धारकाला कारवाईतून मुक्त करणे, किंवा कारणे नोंदवून अपात्र ठरवणे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांची अपात्रता येते. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्याला लायसन्स रद्द होते. मुक्त करण्याचा पर्याय कायद्यात आहे हे फार थोड्या चालकांना ठाऊक असते, आणि खुलासा न दिल्यामुळे तो वापरण्याचे कारणच अधिकाऱ्यापुढे येत नाही.

खुलासा एक ते दीड पानाचा पुरे. सुरुवातीला नोटिशीचा क्रमांक व तारीख, मग लायसन्स व वाहन क्रमांक, मग घटनेचा क्रम वेळेसह, मग तुमचा मुख्य मुद्दा आणि त्याला आधार देणारा कागद, आणि शेवटी स्पष्ट विनंती लिहावी. विनंती मोघम ठेवू नये. गुन्हा नाकारत असाल, तर ‘कारवाईतून मुक्त करावे’ असे लिहा. गुन्हा मान्य असेल, तर हा पहिलाच गुन्हा असल्याचे दाखवून, लायसन्स जप्त असलेला काळ निलंबनाच्या काळात धरावा अशी विनंती करा आणि जप्तीची तारीख पोचपावतीसह नमूद करा.

दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच खुलाशात लिहिणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. ‘मी मोबाइल हातात घेतलाच नव्हता, आणि घरून तातडीचा फोन होता म्हणून घेतला’ असे वाक्य लिहिणाऱ्याच्या दोन्ही म्हणण्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. तसेच, गाडी दुसरा कोणी चालवत होता असे लिहायचे असेल, तर ते खरे असले पाहिजे, कारण चालकाची माहिती देणे हे कलम 133 नुसार वाहनमालकाचे कर्तव्य आहे. भावाचे किंवा ड्रायव्हरचे नाव खोटेपणाने पुढे केल्यास प्रकरण वाहतुकीच्या गुन्ह्यापुरते राहत नाही.

सावधान: लायसन्स निलंबित असल्याचे लपवून दुसऱ्या आरटीओकडे नव्या लायसन्ससाठी अर्ज करण्याचा सल्ला कोणी एजंट देत असेल, तर तेथून उठून या. अपात्र असताना लायसन्ससाठी अर्ज करणे हाही कलम 182 खालचा गुन्हा आहे आणि असे मिळवलेले लायसन्स निरर्थक ठरते.

६. सुनावणीला स्वतः हजर राहा

सुनावणी साधारणपणे थोडक्यात आटोपते, म्हणून तयारी आधीच झालेली असावी. फाइलच्या दोन प्रती न्या, एक देण्यासाठी आणि एक स्वतःजवळ ठेवण्यासाठी. खुलाशाच्या तुमच्या प्रतीवर पोच घ्या. ठरलेल्या दिवशी येणे खरोखर अशक्य असेल, तर तारखेच्या आधी कारणासह लेखी अर्ज देऊन पुढची तारीख मागा. नंतर सांगितलेले कारण सहसा उपयोगी पडत नाही.

बोलताना क्रम पाळावा: काय घडले, कोणता कागद ते दाखवतो, काय विनंती आहे. प्रवासी किंवा मालवाहू वाहनाचे चालक येथे एक महत्त्वाची मागणी करू शकतात. एकाच लायसन्सवर वाहनांचे अनेक प्रकार असतील, तर अपात्रता विशिष्ट प्रकारापुरती ठेवता येते. तशा वेळी लायसन्सवर शेरा मारून ते परत दिले जाते. दुचाकीवरील हेल्मेटच्या प्रकरणामुळे ज्याचा टेम्पो बंद पडणार आहे आणि ज्याचे घर त्या टेम्पोवर चालते, त्याने ही मागणी खुलाशातही लिहावी आणि तोंडीही करावी. ती मान्य होईलच असे नाही, पण न मागितलेली सवलत आपणहून क्वचितच मिळते.

७. आदेश शब्द न् शब्द वाचा

आदेश हाती आला की त्यात चार गोष्टी शोधा: अपात्रता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, ती सर्व वाहनांसाठी आहे की ठरावीक प्रकारासाठी, कारणे नोंदवली आहेत का, आणि अपील कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचे आहे. तुमच्या खुलाशाचा उल्लेखच नसेल किंवा कारणे दिलेली नसतील, तर अपिलासाठी तो बळकट मुद्दा आहे. आदेश मिळाल्याची तारीख पाकिटावर आणि आदेशाच्या प्रतीवर लिहून ठेवा व पाकीट फेकू नका, कारण अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून मोजली जाते.

लायसन्स अद्याप तुमच्याकडे असेल, तर ते लगेच जमा करून पावती घ्या.

८. अपील करायचे असल्यास 30 दिवसांच्या आत करा

आरटीओच्या आदेशाविरुद्ध विहित प्राधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येते. अपील प्राधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो आणि कायद्यानुसार तो निर्णय अंतिम असतो. अपिलासोबत आदेशाची प्रत, खुलाशाची पोच असलेली प्रत आणि सर्व पुरावे जोडा. आदेशाच्या अंमलबजावणीला स्थगिती हवी असेल, तर ती वेगळ्या परिच्छेदात मागा. केवळ अपील दाखल केल्यामुळे गाडी चालवता येते असे गृहीत धरू नका. स्थगितीचा लेखी आदेश हातात येईपर्यंत निलंबन चालूच आहे असे मानावे. तीन महिन्यांचे निलंबन अर्धे संपल्यावर अपिलाचा विचार करण्यात फारसा अर्थ उरत नाही, म्हणून हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा.

अपात्रतेचा आदेश न्यायालयाने दिला असेल, तर आरटीओत अर्ज करून काहीही साध्य होत नाही. मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल दोषी ठरल्यास न्यायालयाला किमान सहा महिन्यांची अपात्रता सुनावावीच लागते, असे कलम 20 सांगते. त्याविरुद्ध दाद वरच्या न्यायालयातच मागावी लागते. म्हणून कलम 185 च्या प्रकरणात ‘गुन्हा कबूल करून दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला ऐकण्यापूर्वी कबुलीचा लायसन्सवर काय परिणाम होईल, ते वकिलाकडून समजून घ्या.

९. प्रशिक्षण पूर्ण करा आणि नोंद साफ झाल्याची खात्री करा

मुदत संपली की लायसन्स आपोआप परत मिळते, हाही गैरसमज आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जमा केलेले लायसन्स परत मिळण्यासाठी चालकाचे उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण करावे लागते, आणि ते कलम 12 खाली परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमधून किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेतून घ्यावे लागते. कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र चालेल ते तुमच्या आरटीओत आधी विचारा आणि मगच पैसे भरा. मुदत संपण्याची वाट न पाहता निलंबनाच्या काळातच हे प्रशिक्षण पूर्ण केले, तर पुढचे दिवस वाया जात नाहीत.

याच काळात लायसन्सची मूळ मुदत संपत नाही ना, हेही पाहा. मुदत संपून एक वर्ष उलटले, तर नूतनीकरणासाठी पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते. लायसन्स निलंबित न होता रद्द झाले असेल, तर परत मिळण्याचा प्रश्नच येत नाही. अपात्रतेचा काळ संपल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो.

तपासून पाहा: आदेशातील शेवटची तारीख उलटली आहे, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कार्यालयात जमा होऊन पोच मिळाली आहे, लायसन्स हातात आले आहे, आणि सारथी पोर्टलवर त्याची स्थिती पुन्हा वैध दिसते आहे, या चारही गोष्टी पूर्ण झाल्या आहेत का? लायसन्स हातात असूनही पोर्टलवर निलंबनाची नोंद तशीच राहिली असेल, तर आदेश व प्रमाणपत्राच्या प्रती जोडून नोंद दुरुस्तीचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि नोंद बदलेपर्यंत गाडीला हात लावू नका. आदेश, प्रमाणपत्र आणि पोचपावत्या यांची फाइल नंतरही ठेवा. पुढे विम्याचा दावा करताना किंवा चालकाच्या नोकरीसाठी पडताळणी होताना निलंबन कोणत्या तारखेला संपले, ते तिच्यातूनच दाखवता येते.